घरी बांधलेला सीएनसी राउटर : वर्षभराच्या वापरानंतर, आणि मुख्यतः स्पिंडलच्या चौथ्या पिनबद्दल

सीएनसी राउटर म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमावर लाकूड कोरणारं मशिन, आणि स्पिंडल म्हणजे त्यातली, कापणारा बिट फिरवणारी मोटर. वॉटर कूल्ड, म्हणजे आत पाणी फिरवून थंड ठेवलेल्या, स्पिंडलच्या कनेक्टरला चार पिना असतात. तीन मोटरच्या, चौथी अर्थची. माझ्या दीड किलोवॉटच्या स्पिंडलमध्ये ही चौथी पिन आतून कशालाच जोडलेली नव्हती. बाहेर चार कोअरची केबल, व्हीएफडीकडचं (स्पिंडलला वीज देऊन त्याचा वेग ठरवणाऱ्या डब्याकडचं) टोक अर्थच्या स्क्रूखाली नीट कसलेलं, आणि स्पिंडलच्या टोपीखाली तीच वायर एका रिकाम्या पिनवर संपलेली. वरून बघून हे कळायला मार्ग नाही. पावसाळा आणि हिवाळा मशिन उत्तम चालतं, आणि मग एप्रिल येतो. सरकायला रेल कोणती घ्यावी, सरकवायला बॉलस्क्रू की बेल्ट यावर लिहिणारे भरपूर आहेत. मला या पिनबद्दलच लिहायचं आहे.

मशिन थोडक्यात सांगतो. ६०० बाय ९०० मिलिमीटरचं काम घेतं. सांगाडा चौकोनी लोखंडी पाइपचा, रेल बसायच्या जागा लातूरच्याच वर्कशॉपमधून मिलिंग करून घेतलेल्या. एचजीआर २० रेल, १६०५ बॉलस्क्रू, नेमा २३ मोटर, त्या चालवणारे डीएम ५४२ ड्रायव्हर, आणि कंट्रोलर म्हणून अर्डुइनो उनो या छोट्या बोर्डवर जीआरबीएल १.१ हा प्रोग्रॅम. रेल आणि स्क्रू पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आले. सगळं मिळून लाखाच्या आत बसवलं. काटकसर केली ती सांगाड्यात आणि टेबलात. रेल, स्क्रू आणि ड्रायव्हर यांत एक रुपया वाचवला नाही, आणि आजही तसंच करीन.

आमच्याकडे सुतारकाम पिढीजात. अण्णा देवघरं आणि दाराच्या चौकटी करतात. मशिन आलं तेव्हा त्यांनी पटाशी खाली ठेवली नाही, आणि ठेवावी अशी माझीही इच्छा नव्हती. मशिनने खोदाई करायची, कडा आणि डोळे हाताने साफ करायचे, अशी वाटणी आपोआप झाली. सर्वांत जास्त मागणी पैठणीच्या पदरावरच्या बांगडी मोराला आहे. सागवानावर आधी ६ मिलिमीटरच्या बिटने माल काढायचा : १८,००० आरपीएम, मिनिटाला १,८०० मिलिमीटर, एका फेरीत ३ मिलिमीटर खोली. नंतर ३ मिलिमीटरच्या बॉलनोज, म्हणजे गोल टोकाच्या, बिटने ०.३ मिलिमीटर सरकत फिनिशिंग. ही फिनिशिंगची फेरी तासन्‌तास चालते. दोष असेल तर तो इथेच बाहेर येतो, कारण एवढ्या वेळात एकदा जरी सिग्नल बिघडला तरी काम थांबतं.

एप्रिलमध्ये थांबायलाच लागलं. मोराची मान अर्धी झालेली, आणि पडद्यावर ‘अलार्म १’. म्हणजे हार्ड लिमिट : अक्ष टोकाला गेला की दाबला जाणारा लिमिट स्विच लागला, म्हणून मशिन थांबवलं. कुठलाही अक्ष टोकाला गेलेला नाही, स्विचला काही लागलेलं नाही, तरी कंट्रोलरला वाटतंय की स्विच दाबला गेला. जीआरबीएल अशा वेळी मोटर तिथल्या तिथे थांबवतं आणि आपण नेमके कुठे आहोत याची खात्री सोडून देतं. इथे एक गोष्ट मनापासून आवडली : कामाचा शून्यबिंदू मेमरीत राहतो. पुन्हा होमिंग केलं (म्हणजे मशिनला स्विचपर्यंत नेऊन आपली जागा नव्याने ठरवू दिली) आणि ज्या ओळीवर थांबलं होतं तिच्या थोडं आधीपासून फाइल सुरू केली, तर बिट त्याच खाचेत उतरला. लाकूड वाचलं. पण थोड्या वेळाने पुन्हा अलार्म. दुपारी जास्त, रात्री कमी.

मला व्हीएफडीचा संशय आला, कारण स्पिंडल बंद ठेवून हवेत फिरवलं की अलार्म येत नव्हता. स्पिंडल आणि व्हीएफडीचा संच ज्या विक्रेत्याकडून घेतला त्यांना फोन केला. आधी उत्तर मिळालं, ‘तुमच्याकडची लाइट खराब असते, स्टॅबिलायझर लावा.’ नंतर दुसऱ्या माणसाने सल्ला दिला की व्हीएफडीची अर्थची वायर काढून टाका, नॉइज (सिग्नलमधली विजेची गडबड) जाईल. हे ऐकून माझा संताप झाला आणि तो अजून गेलेला नाही. ज्या मशिनवर अण्णा दिवसभर हात ठेवून भुसा झटकतात, आत पाणी फिरतं, सांगाडा पूर्ण लोखंडी, त्याची अर्थ काढायला सांगणारा माणूस विक्रीनंतरच्या सेवेला बसवलेला आहे. वॉरंटीचं विचारलं तर ‘व्हीएफडी चालतोय ना?’ म्हणून फोन ठेवला.

त्याच दिवसांत अण्णा म्हणाले, ‘ह्याला हात लावला की झिणझिण्या येतात.’ टेस्टर लावला तर सांगाड्यावर मंद उजेड. मग अलार्मचा नाद सोडला आणि आमच्या ओळखीच्या वायरमन मामांना बोलावलं. त्यांनी मशिनकडे बघितलंही नाही. सरळ शेडमागच्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी गेले आणि म्हणाले, ‘ह्यात कधी पाणी टाकलंय का?’ आमची जमीन काळी, चिकण. पावसाळ्यात फुगून पाइपला घट्ट धरते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. खड्ड्यात पाइपच्या भोवतीने बोट जाईल एवढी फट पडलेली. फेज आणि त्या अर्थमध्ये त्यांनी बल्ब लावला तर तो लालसर मिणमिणला. खड्डा होता, पाइप होता, मीठ-कोळसाही कधीकाळी घातलेला होता, पण मातीशी संबंध तुटलेला.

आता रिकामी चौथी पिन आणि सुकलेला खड्डा, या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की गणित सुटतं. व्हीएफडी मोटरला साधा एसी देत नाही, तो सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून तयार केलेला व्होल्टेज देतो. दोन पोलच्या स्पिंडलला २४,००० आरपीएमसाठी ४०० हर्ट्झ लागतात. या तोडजोडीतला थोडा करंट वाइंडिंगमधून स्पिंडलच्या बॉडीत झिरपतोच. चौथी पिन जोडलेली असेल तर तो केबलमधूनच व्हीएफडीकडे परत जातो. ती रिकामी असली की तो झेडच्या (स्पिंडल वर-खाली करणाऱ्या) प्लेटमधून सांगाड्यात उतरतो आणि मिळेल ती वाट धरतो. स्पिंडलची केबल ज्या हलत्या केबल चेनमधून जाते तिच्यातूनच लिमिट स्विचच्या बारीक वायरी जातात, आणि अर्डुइनोच्या आतला पुलअप (स्विच दाबलेला नसताना सिग्नल वर धरून ठेवणारा रेझिस्टर) इतका अशक्त की थोडासा धक्काही त्याला स्विचसारखा वाटतो. खड्डा ओला असेपर्यंत सांगाड्याची अर्थ हा सगळा भार सांभाळून घेत होती. माती सुकली आणि झाकलेलं उघडं पडलं.

त्यामुळे व्हीएफडीबद्दलचं माझं मत बदललं. तो चांगला आहे, महिनोन्‌महिने गरम शेडमध्ये चालला आहे, त्याला मी पूर्ण गुण देतो. स्पिंडलचेही बेअरिंग शांत आहेत, रनआउट, म्हणजे फिरताना बिटचं डुगडुगणं, लाकडाला पुरून उरेल इतका कमी. विक्रेत्याला मात्र शून्य.

दुरुस्ती एकेक करत गेलो म्हणजे कशाने काय होतं ते कळलं. लिमिटच्या प्रत्येक पिनला बाहेरून २.२ किलोओहमचा पुलअप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला : खर्च चहाइतका, अलार्म बरेच कमी झाले. नंतर स्पिंडलची टोपी उघडून चौथ्या पिनवरून वायर सोल्डर केली आणि आतल्या स्क्रूखाली, खालचं ॲनोडायझिंग (वीज न वाहणारा थर) खरवडून, लग, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, कसला. अलार्म थांबले. मग शिल्डेड, म्हणजे आत तारांची जाळी असलेली, केबल. ती लातूरच्या बाजारात मागितली तर आर्मर्ड काढून देतात. ती वेगळी, जमिनीत गाडायची, चेनमध्ये वाकणारही नाही. शेवटी पुण्याहून मागवली. अलार्म आधीच थांबले होते, त्यामुळे त्यात तिने दिसण्यासारखा फरक पडला नाही, तरी पैसे वाया गेले असं मी म्हणणार नाही, कारण आता स्पिंडल सुरू असताना लॅपटॉपचं यूएसबी कधीच सुटत नाही. झिणझिण्या मात्र खड्डा नव्याने भरल्यावरच पूर्ण गेल्या.

अनेक जण सांगतात की डॉलर २१ ही जीआरबीएलची सेटिंग शून्य करा, हार्ड लिमिट बंद, विषय संपला. होमिंग आणि सॉफ्ट लिमिट (स्विचऐवजी प्रोग्रॅमनेच पाळलेली हद्द) चालू असतील तर मशिन त्यावर बरं चालतं, हे खरं आहे. पण माझ्याकडे तसं केलं असतं तर अलार्म गेला असता आणि सांगाड्यावरचा करंट तिथेच राहिला असता. अण्णांच्या झिणझिण्यांना डॉलर २१ कळत नाही.

खड्ड्याला उन्हाळ्यात पाणी घालणं हा आमच्या गावात सोपा विषय नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेलं हे शहर आहे, जमिनीत ओतायला पाणी मागितलं की घरातले आधी तोंडाकडे बघतात. तोडगा सापडला तो घरच्या आरओत. त्याचं वाया जाणारं पाणी नळीने थेट खड्ड्यात सोडलं. त्यात क्षार जास्त, म्हणजे अर्थिंगला उलट बरंच. एक पैसा खर्च नाही. या व्यवस्थेवर मी मशिनच्या कुठल्याही भागापेक्षा जास्त खूश आहे.

स्पिंडलच्या पाण्याचं उलट. तिथे बोअरचं पाणी अजिबात नको, क्षार आतल्या नळ्यांत बसतात. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणि काळा कॅन, म्हणजे शेवाळ धरत नाही. मे महिन्यात पत्र्याखाली ते पाणी दुपारपर्यंत चांगलंच तापतं. कॅनभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं की भागतं. आधी मला एअर कूल्ड न घेतल्याची रुखरुख होती. आता नाही, हा आवाज कमी करतो, त्यामुळे रात्री लाइट स्थिर असते तेव्हा मशिन चालवता येतं आणि शेजारी तक्रार करत नाहीत.

उरलेलं भराभर. उन्हाने सांगाडा वाढून माप चुकतं का, असं विचारणाऱ्यांना : एक मीटर लोखंड २० अंशांनी तापलं तर पाव मिलिमीटरपेक्षा कमी वाढतं, सागवान त्याहून जास्त हलतं. भुशासाठी दुकानी व्हॅक्युम वापरतो, त्याची नळी स्थिर विजेने चटके देते, तिच्यावरही उघडी तार गुंडाळून अर्थला जोडा. एमडीएफ कापताना मास्कशिवाय शेडमध्ये थांबू नका.

स्पिंडलच्या खोक्यावर चौथ्या पिनबद्दल छापावं म्हणून विक्रेत्याला लिहिलं, उत्तर नाही. तोपर्यंत तुम्हीच तपासा. केबल लावण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक चौथ्या पिनला, दुसरं स्पिंडलच्या शाफ्टजवळच्या उघड्या धातूला. रंगावर किंवा ॲनोडायझिंगवर टेकवू नका, खोटं उत्तर मिळेल. बीप आला नाही तर वायर जोडल्याशिवाय तो स्पिंडल मशिनवर चढवू नका, विक्रेता काहीही म्हणो.