पाणमांजर की शीळकरी कस्तूर?

गोव्यात राहून वर्षभर एकाच वन्यजीवाच्या मागे जायचे ठरवणाऱ्याचे मन खाजनातले, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतले, पाणमांजर आणि घाटाच्या ओढ्यावरचा शीळकरी कस्तूर हा पक्षी या दोहोंत अडकणे स्वाभाविक आहे. मी दोघांनाही एकेक वर्ष दिले आहे.

पाणमांजराची बाजू दुबळी नाही. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरून खाजनाच्या बांधावरून चालत गेले, की चिखलात पडदेदार बोटांचे ठसे आणि माशांच्या खवल्यांनी भरलेली विष्ठा आढळते. एकदा मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, चौघांचे कुटुंब शिट्ट्यांसारखे आवाज काढत मासे हुसकावताना दिसले. तेवढा आनंद मला कस्तुराने एका सकाळीत कधी दिलेला नाही.

अडचण आली ती सुकतीची, म्हणजे ओहोटीची. ठसे उघडे पडतात ते सुकतीला आणि तिची वेळ रोज सुमारे 50 मिनिटे पुढे सरकते, म्हणजे आठवड्याने जवळजवळ सहा तास. त्यामुळे या रविवारी उजाडताना सुकती असेल, तर पुढच्या रविवारी त्याच वेळी भरती असते आणि रात्रीच्या साऱ्या खुणा धुऊन गेलेल्या असतात. ज्याला केवळ रविवारची सकाळ मोकळी मिळते, त्याचे निम्मे वर्ष असे वाया जाते; माझ्या वहीतली त्या वर्षाची निम्मी पाने तारखेखाली कोरीच आहेत. घाटातले लहान नख्यांचे पाणमांजर या जाचातून सुटलेले आहे खरे, परंतु ओढ्याच्या दगडांवर खेकड्यांच्या कवचांचा चुरा, यापलीकडे त्याचे मला काही दिसले नाही.

कस्तुराला असे वेळापत्रक नाही. जूनच्या पावसात तांबडी सुर्ल्याच्या महादेव मंदिरालगतच्या ओढ्याकाठी अंधार असतानाच जाऊन उभे राहावे. इतर पक्षी जागे होण्यापूर्वी त्याची शीळ सुरू होते. ती सूर शोधत रमतगमत चाललेल्या माणसाच्या शिळेसारखी वाटते आणि पाण्याच्या गर्जनेवरूनही स्पष्ट ऐकू येते. नर-मादी सारखेच दिसतात, काळसर अंगावरची कपाळाची व खांद्याची चमकदार निळाई अंधारात कळत नाही आणि जळवांचा त्रास होतोच. तरीही त्या पावसाळ्यातला माझा एकही रविवार रिकामा गेला नाही.

ज्याला आठवड्यातला कोणताही दिवस निवडता येतो, त्याने कदाचित पाणमांजरच निवडावे. मी मात्र कस्तुराकडे वळलो. पावसाळा सरल्यावर तो फारसा गात नाही. त्या महिन्यांत भरती-ओहोटीच्या तक्त्यात पहाटेची सुकती ज्या रविवारी येते, त्या रविवारी मी अजूनही चोडणची फेरीबोट पकडतो.