रंगीबेरंगी वाढदिवस घरच्या घरी: केक, जेली, कागदकाम यांतलं काय निवडाल?

मुलाचा वाढदिवस घरीच करायचा ठरला आणि सगळं रंगीबेरंगी हवं हेही ठरलं, की यादी वाढत जाते. इंद्रधनुषी केक, जेली, पताका, फुगे, मुकुट, शिवाय मुलांना बसून करायला एखादी हस्तकला. यातलं एकेक काम सोपंच आहे, पण सगळी मिळून झेपत नाहीत, कारण बरीचशी आदल्या रात्रीवर येऊन पडतात. म्हणून निवड करताना काम किती अवघड आहे यापेक्षा ते कधी करावं लागणार, हे आधी बघावं. कागद दोन आठवडे आधी कापून ठेवला तरी त्याला काही होत नाही. केकला तेवढी सवड नसते. माझं मत असं, की रंगांचा मोठा भार भिंतीवर आणि मुलांच्या हातातल्या कामावर टाकावा. ताटात रंग एक-दोन पदार्थांनाच द्यावा, पण तो नीट द्यावा.

सहा थरांचा केक की कपकेक?

सहा थरांच्या केकची खरी मजा पहिला तुकडा बाहेर निघतो तेव्हाची. बाहेरून पांढरा दिसणारा केक आतून जांभळा, निळा, हिरवा, पिवळा, केशरी, लाल निघतो आणि मुलं खरोखर ओरडतात. त्या क्षणासाठी हा केक करावासा वाटतो हे मला पूर्ण पटतं. पण त्यामागचं काम समजून घ्या. एकच मिश्रण करून ते वजन काट्यावर तोलून सहा भांड्यांत वाटायचं, प्रत्येकात रंग घालायचा, आणि घरात केकचे दोन टिन असतील तर तीन फेऱ्यांत भाजायचं. थर पातळ असल्याने १८० अंश सेल्सिअसला एक फेरी १२ ते १५ मिनिटांत होते. तोवर उरलेली भांडी फ्रिजमध्ये ठेवावी लागतात. थर पूर्ण गार झाले की प्रत्येकाची वरची तपकिरी साल सुरीने काढायची, नाहीतर कापल्यावर दोन रंगांच्या मध्ये मातकट रेघ दिसते. मग क्रीम लावत रचायचं, बाहेरून पातळ हात द्यायचा, अर्धा तास गार करायचं आणि शेवटचा हात फिरवायचा. यात एक अख्खी संध्याकाळ जाते. शिवाय तुकडा इतका उंच येतो की लहान मुलाला तो अर्धाच पुरतो, उरलेला ताटलीत राहतो.

कपकेकमध्ये मिश्रण एकच, बिनरंगाचं. १८ ते २० मिनिटांत एक ट्रे निघतो. वर क्रीम न लावता ते महिनाभर फ्रीझरमध्ये राहतात, त्यामुळे हे काम आदल्या रविवारीही उरकता येतं. रंग फक्त वरच्या बटरक्रीमला. २५० ग्रॅम बटर आणि ५०० ग्रॅम पिठीसाखर एवढं क्रीम सुरीने पसरवलं तर साधारण २४ कपकेकना पुरतं. नोझलने उंच गोळा काढायचा असेल तर जेमतेम निम्म्यांना. क्रीम चार वाट्यांत विभागून चार रंग करावेत, त्याहून जास्तीच्या फंदात पडू नये. वाटतानाही सोय होते: सुरी नको, ताटली नको, ज्याचा त्याच्या हातात. मेणबत्त्यांसाठी कपकेक वयाच्या आकड्यासारखे मांडले की मधोमध ठेवायला मोठा केक हवा असं वाटतही नाही.

या दोन्हींच्या मधला एक मार्ग मला सगळ्यात आवडतो. साध्या पांढऱ्या केकच्या मिश्रणात शेवटी दोन-तीन मोठे चमचे रंगीत शेवया, म्हणजे लांबट स्प्रिंकल्स, हलक्या हाताने मिसळायच्या आणि लगेच टिन ओव्हनमध्ये सरकवायचा. कापल्यावर पांढऱ्या केकमध्ये रंगाचे ठिपके दिसतात. गोल बारीक दाणे मात्र घेऊ नका, ते मिश्रणात पडताच रंग सोडतात आणि सगळा केक राखाडी होतो. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाने इंद्रधनुषी केकच हवा असा हट्ट धरला असेल तर तो जरूर करा, पण मग त्या आठवड्यात खाण्याचं दुसरं कुठलंही मोठं काम अंगावर घेऊ नका. चार वर्षांच्या आतल्या मुलासाठी एवढी रचना करण्यात अर्थ नाही.

रंग बाटलीतला की स्वयंपाकघरातला?

या प्रश्नावर बरेच पालक अडतात, आणि अडायला कारणही आहे. २००७ मध्ये साउथॅम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांवर केलेला अभ्यास ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट हा पदार्थ टिकवणारा घटक यांच्या मिश्रणाने मुलांची चंचलता वाढते, असं त्यात दिसलं होतं. पुरावा मर्यादित आहे असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेचं मत पडलं, तरीही टार्ट्राझिन, सनसेट यलो यांसारखे सहा रंग असलेल्या पदार्थांवर युरोपीय संघाने २०१० पासून इशारा छापणं बंधनकारक केलं. वर्षातून एकदा कपकेकवरच्या चमचाभर क्रीमची मला धास्ती वाटत नाही. पण केक रंगीत, जेली रंगीत, सरबत रंगीत आणि वर रंगीत गोळ्या, असं एकाच दुपारी मुलांच्या पोटात जाऊ नये असं मनापासून वाटतं.

घरचे रंग चांगलेच, फक्त त्यांची जागा ओळखून वापरावे लागतात. बिटाने केकच्या मिश्रणाला सुंदर गुलाबी रंग येतो, पण ओव्हनच्या उष्णतेत आणि सोड्यामुळे तो भाजून तपकिरी होतो. हळद सोड्याशी गाठ पडली की लालसर होते. पालकाचा हिरवा भाजल्यावर शेवाळी दिसतो. जांभळ्या कोबीचा किंवा ब्लूबेरीचा रस लिंबाबरोबर गुलाबी, तर सोड्याबरोबर निळसर-हिरवा होतो. म्हणून नैसर्गिक रंग भाजायच्या पदार्थात न घालता वरच्या क्रीममध्ये घालावेत, आणि तेही शक्यतो भुकटी स्वरूपात: बिटाची भुकटी, वाळवलेल्या स्ट्रॉबेरीची भुकटी, हिरव्यासाठी चिमूटभर स्पिरुलिना (खाण्याजोग्या शेवाळाची भुकटी), पिवळ्यासाठी सुरीच्या अगदी टोकावर मावेल एवढी हळद. रस घातला की क्रीम पातळ होऊन फुटतं. यातून येणाऱ्या छटा फिक्या असतात. घरातल्या मोठ्यांना त्या आवडतात, पण मुलाने आगीच्या बंबासारखा लाल मागितला असेल तर त्याची समजूत या रंगांनी पटणार नाही.

बाटलीतला रंग घ्यायचाच तर पातळ नको, जेल घ्या. टूथपिकच्या टोकावर येईल तेवढा पुरतो आणि क्रीम पातळ होत नाही. बटरक्रीममध्ये रंग काही तासांनी गडद होतो, म्हणून आदल्या दिवशी एक छटा फिका असतानाच थांबावं. निळ्याची गंमत अशी की बटर मुळात पिवळसर असल्याने निळा हिरव्याकडे झुकतो. बटर आधी पाचेक मिनिटं फेटून पांढरट करावं आणि जांभळ्याचा अगदी ठिपका लावावा, की निळा निळाच राहतो. गडद लाल आणि काळा यांना इतका रंग लागतो की चव कडवट होते. काळा हवा असेल तर आधी कोकोने तपकिरी करून मग रंग घालावा, लालाऐवजी गुलाबीवर समाधान मानावं.

जेली आणि फळं

थरांची जेली करायची असेल तर जिलेटीनपेक्षा अगर-अगर, म्हणजे चायना ग्रास, सोयीचं. जिलेटीन प्राणिजन्य असतं, त्यामुळे ते सगळ्याच मुलांना चालेल असं नाही. अगर-अगर समुद्री वनस्पतीपासून होतं. जिलेटीनचा प्रत्येक थर फ्रिजमध्ये तासभर तरी ठेवावा लागतो आणि गरम खोलीत तो टेबलावरच सैल पडतो. अगर-अगर मात्र उकळून ओतलं की खोलीच्या तापमानालाही घट्ट होतं आणि उन्हाळ्यात वितळत नाही. अर्धा लिटर पाण्याला ५ ग्रॅम भुकटी पुरते, पण ती दोन मिनिटं नीट उकळली पाहिजे. ताजा अननस, किवी किंवा पपई घातली तर त्यांतल्या पाचक रसांमुळे जिलेटीन धरतच नाही. अगर-अगरला ती अडचण येत नाही. खालचा थर बोटाला किंचित चिकटतो आहे तोवरच वरचा ओतावा. तो पूर्ण कोरडा झाला तर कापताना थर एकमेकांवरून घसरतात. ही जेली करकरीत होते, म्हणून लहानग्यांना चौकोनी तुकडे न देता पसरट वाटीत चमच्याने द्यावी.

एवढाही वेळ नसेल तर फळांचं इंद्रधनुष्य सरस ठरतं. मोठ्या ताटात स्ट्रॉबेरी, संत्रं, अननस, किवी, ब्लूबेरी, काळी द्राक्षं अशा कमानी मांडायच्या. एक थेंबही रंग न घालता टेबलावरचा सगळ्यात रंगीत पदार्थ तयार होतो. द्राक्षं अख्खी ठेवू नयेत, उभी चिरून चार तुकडे करावेत, कारण अख्खं द्राक्ष लहान मुलाच्या घशात नेमकं अडकतं. टोकदार काड्यांत ओवलेली फळं आणि पॉपकॉर्नही चार वर्षांच्या आतल्या मुलांपासून दूर. आणि सुकामेवा, अंडं, दूध यांतलं कुणाला काय चालत नाही, हे बोलावणं करतानाच प्रत्येक पालकाला विचारून ठेवा.

भिंतीसाठी: साखळी, पॉम-पॉम की फुगे?

कमी कष्टात जास्त रंग कागदाची साखळी देते, याबद्दल मला शंका नाही. ए-फोर आकाराच्या रंगीत कागदाच्या ३ सेंटिमीटर रुंदीच्या आडव्या पट्ट्या कापल्या तर एका कागदातून ९ निघतात. तीन मीटरच्या माळेला सुमारे ५० कड्या, म्हणजे सहा कागद लागतात. मूल चार वर्षांचं असलं तरी कड्या जोडू शकतं. फक्त डिंक वाळायची वाट बघायला लावू नका, स्टेपलर तुम्ही मारा किंवा गोंदाची कांडी द्या.

टिश्यू पेपरचे पॉम-पॉम दिसायला जास्त देखणे. आठ-दहा कागद एकावर एक ठेवून पंख्यासारख्या घड्या घालायच्या, मधोमध तार बांधायची, टोकं गोल कापायची आणि एकेक पाकळी हलकेच वर ओढायची. हे ओढण्याचं काम मोठ्यांनीच करावं, कागद पटकन फाटतो. आणि ते लटकवायच्या दिवशीच उघडावेत. घडी घातलेले असतील तर पुठ्ठ्याच्या खोक्यात सपाट राहतात.

फुगे मुलांना हवेच असतात, पण ते पूर्णपणे त्याच दिवशीचं काम आहे. हेलियमचे साधे रबरी फुगे बारा ते चोवीस तासांत खाली येतात. न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्याचा तुकडा तोंडात गेला तर श्वास अडकू शकतो. त्यामुळे घरात रांगणारं किंवा नुकतंच चालायला लागलेलं बाळ असेल तर मी फुगे वगळून साखळ्याच दुप्पट करेन.

मुलांच्या हाताला काय द्यायचं?

मुलं एकदम येत नाहीत, एकेक करून येतात. त्या पहिल्या अर्ध्या तासाला कागदी मुकुटाइतकं चांगलं काही नाही. ए-फोर कागदाच्या लांबीच्या दोन उभ्या पट्ट्या जोडून साधारण ५७ सेंटिमीटरची पट्टी होते, ती सहा वर्षांपर्यंतच्या बहुतेक मुलांच्या डोक्याला पुरून वर जोडायलाही उरते. कंगोरे आधी कापून ठेवा, मुलांना स्टिकर आणि क्रेयॉन द्या, आणि शेवटी डोक्यावर मापून चिकटपट्टी लावा. चमकीची भुकटी टाळा, ती केकपर्यंत पोहोचते आणि हस्तकलेची चमकी खायची नसते.

मिठाच्या पिठाची खेळणी (दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, साधारण एक वाटी पाणी) छान होतात, पण ती मंद ओव्हनमध्ये दोन-तीन तास वाळल्याशिवाय रंगवता येत नाहीत. पार्टीत ती अर्धवटच राहणार. सुट्टीच्या दुपारी भावंडांनी मिळून करायला ती उत्तम. घरात कुत्रा असेल तर मात्र ती उंचावर ठेवा, इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं. पिनाटा, म्हणजे आत खाऊ भरून मुलांनी काठीने फोडायचा कागदी पुतळा, हाही असाच: कागदाचा लगदा लावायचा तर प्रत्येक थराला दिवसभर वाळावं लागतं, म्हणून तो तीन-चार दिवस आधी सुरू करायची तयारी असेल तरच घ्यावा.

एकच उपक्रम निवडायचा तर मी बिस्किटं सजवणं निवडेन. त्यात खाऊही होतो आणि हस्तकलाही. बिस्किटं चार दिवस आधी भाजून डब्यात ठेवता येतात. पिठीसाखरेत थोडंथोडं पाणी घालत आयसिंग करावं. चमच्यातून पडलेली धार दहाएक सेकंदांत सपाट झाली की जमलं. मोठ्या मुलांना ते छोट्या पायपिंग बॅगेत भरून वरचं तोंड रबर बँडने घट्ट बांधून द्या. पाच वर्षांच्या आतल्यांना वाटीत घट्टसर आयसिंग आणि पसरायला चमच्याची पाठ पुरे. वाट्या प्रत्येकाला वेगळ्या हव्यात, कारण बोटं चाटली जाणारच. आयसिंग वरून सुकायला तासभर तरी लागतो, म्हणून हे काम केक कापण्याच्या बरंच आधी घ्या. प्रत्येक मुलासमोर बटर पेपरचा तुकडा ठेवून त्यावर पेन्सिलीने त्याचं नाव लिहा आणि बिस्किटं त्यावरच सजवू द्या. निघताना कागदासकट उचलून डबीत घातली, की परतभेटीचंही काम झालं.