ब्रेकमध्ये हुक होतात, पण पट्टीचं काय करू?

बेळगावच्या शहापुरात माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दोन मशिनी, कटिंगचं टेबल आणि भिंतीवर टीव्ही. रात्री नऊला ती शिवकाळावरची मालिका लागली की मी मशीन बंद करून हातशिलाई घेते. सासूबाई पाटावर, शेजारच्या कन्नड अक्का दारात, आणि ब्लाऊज न्यायला आलेली एखादी बाई "एवढा एपिसोड बघून जातो" म्हणत बसलेलीच असते. आमच्याकडं बायकाही "येतो, जातो" म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.

आता माझं मत. मी कपडे बघते. दरबारातल्या माणसांचे अंगरखे छान बेतलेत. बंद बगलेत नीट बांधलेले, घेर भरपूर, कापडही वजनदार दिसतं. बेतणारा जाणकार आहे, मानलं. पण राणीसाहेब पाठमोऱ्या वळल्या आणि चोळीला मागं चेन! मी सासूबाईंना दाखवली तर त्या म्हणाल्या, "घाईत असतील गे, गाठ कोण मारत बसतंय." परवा खांद्यावर सेफ्टी पिनही चमकली. सेफ्टी पिन निघाली 1849 साली, म्हणजे राज्याभिषेकानंतर पावणेदोनशे वर्षांनी. गावातल्या बायकांचं तर बघवतच नाही. शेतात राबणारी बाई, आणि लुगड्याला इस्त्रीची घडी तशीच. एक गुळेदगुड्डचा खण आणि चार धुतलेली लुगडी आमच्याकडून नेली असती तरी भागलं असतं की.

जाहिरातींवर सगळे वैतागतात. अक्का तर तलवार म्यानातून अर्धी निघाली की आधीच म्हणतात, "साकु री (पुरे हो), आता येतंय बघा." आणि येतंच. शत्रूच्या मानेजवळ तलवार, की लगेच संडास धुवायचं औषध. ब्रेक संपला की तीच तलवार परत पहिल्यापासून म्यानातून निघते. एकदा मी घड्याळ लावून बघितलं. अर्ध्या तासात जाहिराती नऊ मिनिटं. 1994 च्या केबलच्या नियमांत तासाला बारा मिनिटं सांगितलीत, त्यातली दोन चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या जाहिरातीला. त्या हिशेबानं अर्ध्या तासाला सहाच.

तरी खरं सांगू? ब्रेकबद्दल माझी तक्रार नाही. एक हुक लावायला मला मिनिटभर लागतं. मोठ्या ब्रेकमध्ये एका ब्लाऊजचे पाच हुक होतात, मालिका संपेपर्यंत गिऱ्हाईक माल घेऊन घरी. सासूबाईंची गोळी, दुधाखालचा गॅस, सगळं ब्रेकमध्येच होतं.

माझा जीव जातो तो त्या पट्टीनं. प्रसंग चालू असतानाच पडद्याच्या खालून जाहिरात वर सरकते, कधी डावीकडूनही, आणि चित्र कोपऱ्यात आकसतं. नेमके काठ आणि निऱ्या झाकल्या जातात! साडीचा जीव काठात असतो, हे त्या पट्टीवाल्याला कोण सांगणार? जिजाऊंच्या तोंडी सगळ्यात चांगला संवाद चाललेला, आणि त्यांच्या पायाशी चहापत्तीचं पाकीट नाचतंय. ब्रेकला निदान आडपडदा नाही, तो सरळ सांगून येतो.

जाहिराती तरी आमच्यासाठी कुठं असतात म्हणा. पुण्यातले फ्लॅट, नाशिकचे प्लॉट. मध्यंतरी लाडकी बहीण योजनेची जाहिरात लागली तेव्हा एक गिऱ्हाईक म्हणाली, "तिकडं दीड हजार हाईत, आमच्या कर्नाटकात गृहलक्ष्मीचे दोन हजार, मग गप बसा की." सगळ्या हसल्या. अक्कांना जाहिरात अर्धी कळली असेल, पण दोन हजार कळले. आणि हे बघायला आम्ही मराठी चॅनेलचे वेगळे पैसे भरतो, कारण केबलवाल्याच्या नेहमीच्या पॅकमध्ये कन्नडच चॅनेल जास्त.

गोष्टीवरही एक राग आहे. दक्षिणेची मोहीम लागली तेव्हा मी अक्कांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जिंजी झाली, वेल्लोरला वेढा पडला, आता बेळवडी येणार. बैलहोंगल तालुक्यातलं बेळवडी, आमच्याच जिल्ह्यातलं. 1678 मध्ये महाराज परत येताना तिथल्या देसाईणीनं सत्तावीस दिवस मराठ्यांना गढी दिली नव्हती. सभासदाच्या बखरीत ती सावित्री, आमच्या अक्कांना ती मल्लम्मा. एकाच दारात बसून दोघींनी बघावं असं हेच एक प्रकरण. मालिकेत काय, तर एक हेर येऊन दोन वाक्यांत सांगून गेला. आणि त्याच आठवड्यात वाड्यातल्या रुसव्याफुगव्याला चार एपिसोड! अक्का काही बोलल्या नाहीत, पदर सावरून उठल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी आल्या.

पाचात साडेतीन देते. अर्धा गुण कापला तो पट्टीचा, एक बेळवडीचा. चेन माफ केली, कारण कालच एक मुलगी फोनवर त्या राणीसाहेबांचा फोटो दाखवून म्हणाली, "काकी, सेम असंच शिवा, पाठीला चेन पायजेच." पंधरा दिवसांतली ती तिसरी. चेनीचं बंडल संपत आलंय, उद्या खडेबाजारात जायला पाहिजे.