लिनक्समध्ये डिस्क वाचायची तर: पीएस३ की ड्रीमकास्ट?
दांडिया बाजारातल्या आमच्या माळ्यावर सोनीचा पीएस३ (प्लेस्टेशन ३) आणि सेगाचा ड्रीमकास्ट हे दोन्ही गेमिंग कन्सोल पडून आहेत. त्यांवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम (ओएस) चालवून डिस्क वाचायची आहे. भाचा विचारतो, "मामा, सोपं काय?" जाड, जुना पीएस३. तिथं हायपरवायझर, म्हणजे यंत्र आणि ओएस यांच्यामधला राखणदार प्रोग्राम, आड बसतो; ड्राइव्ह थेट हाती लागत नाही. पण कर्नेलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) पीएस३रॉम ड्रायव्हर, म्हणजे ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्राम, तिला स्कझी (डिस्कसारख्या उपकरणांशी बोलायची एक ठरलेली पद्धत) उपकरण म्हणून दाखवतो आणि आज्ञा हायपरवायझरकडे सोपवतो. फक्त १ एप्रिल २०१० चं ३.२१ फर्मवेअर (कन्सोलचं आतलं सॉफ्टवेअर) चढलेलं नको. त्यानं दुसरी ओएस बसवायची सोयच काढली.

ड्रीमकास्टला मध्यस्थ नाही. त्याची जीडी-रॉम (सेगाची खास डिस्क) ड्राइव्ह एटापीच्या, म्हणजे पीसीतल्या सीडी ड्राइव्हशी बोलायच्या पद्धतीच्या, नात्यातली, पण चुलत. म्हणून वेगळा ड्रायव्हर. मेमरी जेमतेम १६ एमबी! डिस्क घरघरली की खालून आईची हाक, "मिक्सर बंद कर रे!" शिकायला मात्र मला हाच आवडतो.