तळ्याचा काठ: विकत घ्यायचा की घोषित करून घ्यायचा?

नागपूरभोवती मोकळे काठ झपाट्यानं लेआउटखाली जाताहेत. ते वाचवायला लोकांपुढे दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवून जमीनच घेणं. सातबाऱ्यावर न्यासाचं नाव लागलं की १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. इतकी पक्की हमी दुसरीकडे नाही. पण शेतजमीन असेल तर विदर्भाच्या १९५८च्या कुळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. शिवाय वर्गणी जमेपर्यंत बिल्डर थांबत नाही.

दुसरी वाट जैवविविधता वारसा स्थळाची, म्हणजे जीवसृष्टीसाठी मोलाची जागा सरकारकडून तशी घोषित करून घेण्याची: २००२च्या जैवविविधता कायद्याचं कलम ३७. जमीन घ्यावी लागत नाही. गडचिरोलीतलं आलापल्लीचं जंगल २०१४ मध्ये असंच घोषित झालं. शेवटचा शब्द मात्र राज्य सरकारचा. (पाणथळींच्या २०१७च्या नियमांवर विसंबू नका. पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यातून वगळलेत, आणि नागपुरातला अंबाझरी तलाव शहराला पाणी पुरवायलाच बांधला होता.)

माझा कौल न्यासाला, तोही छोट्या तुकड्यासाठी: ओढा तळ्याला मिळतो तिथला काठ आधी घ्या. उरलेला काठ वारसा स्थळ व्हावा यासाठी ग्रामसभेच्या ठरावाचं काम आजच सुरू करा.