मोठ्याला लहानाने भाग: सरावकार्डांचा एक संच वापरून पाहिल्यावर

माझी भाची सातवीत आहे. एकमान पद्धतीची गणितं तिला 'येतात', म्हणजे पुस्तकात सोडवून दाखवलेल्या उदाहरणासारखं दुसरं आलं की येतात. अमुक मिनिटांत इतकं, तर एका मिनिटात किती, एवढाच सराव करून घेणारी कार्डं मिळतात हे कळल्यावर मी संच मागवला. तीन आठवडे रोज संध्याकाळी आम्ही दोघी ती घेऊन बसलो, त्यावरून हे लिहितेय.

एकूण ६० कार्डं: वीस निळी, वीस हिरवी, वीस केशरी. शिवाय काही कोरी कार्डं, उत्तरांची पुस्तिका आणि एक वाळूचं घड्याळ. घड्याळ पहिल्याच दिवशी कपाटात गेलं. समोर वाळू पडताना दिसली की पोरगी गणिताऐवजी वाळूकडे बघते.

निळी कार्डं सोपी आहेत आणि माझी मुख्य तक्रार त्यांच्याबद्दलच आहे. प्रिंटर ३ मिनिटांत ४५ पानं छापतो, नळातून ७ मिनिटांत ८४ लिटर पाणी येतं, अशी वीसच्या वीस. प्रत्येकात मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायचं आणि उत्तर पूर्णांकात. दहाव्या कार्डापर्यंत भाचीने वाचणंच सोडलं. दोन आकडे शोधायचे, भागायचे, पुढचं कार्ड. मी मधेच तोंडी विचारलं, "१२ मिनिटांत ३ लिटर पाणी भरतं, तर?" लगेच उत्तर आलं, चार.

"चार काय?"

"चार... लिटर."

"अगं, बारा मिनिटांत मिळून तीनच भरलंय ना?"

मग ती थांबली. चार हे उत्तर चूक नाही, पण ती मिनिटं आहेत, एका लिटरला लागणारी. मिनिटाला किती म्हणाल तर पाव लिटर. एकाच माहितीतून दोन दर निघतात आणि कुठला हवा ते प्रश्नात बघावं लागतं. नेमकं हेच निळी कार्डं शिकवत नाहीत, उलट विसरायला लावतात. त्या दिवसापासून आमचा नियम ठरला: आकड्यांना हात लावण्याआधी उत्तराचं एकक लिहायचं, 'लिटर, दर मिनिटाला'. ज्याचं 'एक' हवं, त्याने भागायचं.

हिरवी कार्डं तुलनेची, संचातली सगळ्यात चांगली. एका कार्डावर उसेन बोल्टची २००९ सालची बर्लिनमधली शर्यत आहे, १०० मीटर ९.५८ सेकंदांत. सेकंदाला साधारण १०.४४ मीटर. भाचीने स्वतःहून पुढे हिशोब केला की या वेगाने तो ४२.१९५ किलोमीटरची मॅरेथॉन ६७ मिनिटांत संपवेल! भागाकार-गुणाकार अगदी बरोबर. मग मी तिला सांगितलं की २०१९ मध्ये व्हिएन्नात केनियाच्या मॅरेथॉनपटू एल्युड किपचोगेला खास त्याच्यासाठी आखलेल्या धावेतही १ तास ५९ मिनिटं ४० सेकंद लागले होते. ती जरा वेळ गप्प. "म्हणजे दर तोच राहील असं धरलं, तेच चुकलं?" हो, तेच. मॅरेथॉनवाले तर वेग उलटाच मोजतात, एका किलोमीटरला किती मिनिटं. किपचोगेची जवळपास २ मिनिटं ५० सेकंद. पुन्हा आमचे दोन दर आले. अशी कार्डं वीसऐवजी चाळीस चालली असती.

केशरी कार्डं अपूर्णांकांची. 'पाऊण तासात ३ किलोमीटर चाललो' यावर तिने ३ ला पाऊणने गुणून सव्वादोन काढले. मी फक्त विचारलं, पूर्ण तासात जास्त चालशील की कमी? तिने स्वतःच खोडलं, पाऊणचे तीन पाव केले, एका पावाला एक किलोमीटर, तासाला चार. भागाकार मांडलाच नाही, आणि मला ते जास्त आवडलं. पाव, पाऊण, सव्वा हे शब्द कार्डांवर आहेत हे फार बरं केलंय, सगळीकडे ०.७५ छापलं असतं तर ही युक्ती सुचली नसती.

उत्तरांच्या पुस्तिकेवर मात्र डोळे मिटून विसंबू नका. ३९ क्रमांकाच्या कार्डावर १ तास २० मिनिटांत ६० किलोमीटर आहे आणि उत्तर छापलंय ताशी ५०. कुणीतरी १ तास २० मिनिटांना १.२ तास धरलंय. भाचीचं उत्तर ४५ आलं होतं. पुस्तिका बघून ती ते खोडायला निघाली, तेव्हा मी हात धरला. २० मिनिटांचा एक भाग, असे चार भाग, प्रत्येकी १५ किलोमीटर, तीन भागांचा तास. आता पुस्तिकेत ५० वर काट आणि शेजारी पेन्सिलीने ठसठशीत ४५ आहे. छापील उत्तर चुकू शकतं हे कळल्याचा आनंद इतका की पुढचे दोन दिवस ती उत्तरंच तपासत बसली.

घ्यावा का? मूल एकटं बसून सोडवणार असेल तर नको, निळ्या कार्डांनी सवय बिघडेल. शेजारी कुणी बसणार असेल तर जरूर घ्या, फक्त सुरुवात हिरव्यांपासून करा आणि निळी हवी तेवढीच द्या.

कोऱ्या कार्डांवर मुलांनी स्वतः गणित बनवायचं असतं. भाचीने एकच बनवलंय: 'आत्या ४ कार्डांवर १८ मिनिटं बोलली, तर एका कार्डावर किती?' मागच्या बाजूला उत्तर, एककासकट: साडेचार मिनिटं, दर कार्डाला.