कॅथलॅबला पाच स्टार, काउंटरला एक

सांगलीतल्या एका हार्ट हॉस्पिटलचा अनुभव. नाव लिहीत नाही, आण्णांना अजून दर तीन महिन्यांनी तिथंच दाखवायचंय.

जानेवारीतली संध्याकाळ. आण्णा द्राक्षबागेतून आले ते छाती चोळतच. "पित्त झालंय, इनो दे." अंगावरचा घाम बघून मी थेट गाडी काढली. तासगावात डॉक्टरांनी ईसीजी काढला, अ‍ॅस्पिरिन चावायला लावली आणि ईसीजीचा फोटो सांगलीला व्हॉट्सअ‍ॅप केला. ७.१० ला आम्ही दारात, कॅथलॅबची (हृदयाच्या अडलेल्या नळ्या उघडतात ती खोली) माणसं तयार. ८.२० ला अडलेल्या नळीत फुगा फुगवून रक्त सुरू केलं. ७० मिनिटं. ९० च्या आत व्हायला पाहिजे म्हणतात, झालं.

पण त्यातली २५ काउंटरनं खाल्ली. डिपॉझिट भरा, आधार दाखवा, जन आरोग्य योजनेचं उद्या बघू. योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राची खुर्ची रिकामी. भाच्यानं फोनवरनं पैसे मारले तेव्हा कुठं स्ट्रेचर हललं. रक्त अडलं की वीसेक मिनिटांनी हृदयाचा स्नायू मरायला लागतो, आतल्या थराकडनं बाहेर. हे त्या काउंटरवर कुणीतरी मोठ्या अक्षरात चिकटवा.

डॉक्टर मात्र बोलायला मोकळे. नळी उघडल्यावर मॉनिटरवर ठोके थोडा वेळ वेडेवाकडे झाले होते. अडलेलं रक्त एकदम परत आलं की त्याचाही स्नायूला मार बसतो, म्हणाले. मला लगेच पटलं. पाण्याचा ताण दिलेल्या बागेवर अवकाळी कोसळला की मणी तडकतातच की.

भाचा बी. फार्मला आहे, त्यानं विचारलं, हातावर बीपीचा पट्टा आवळून-सोडून हृदय वाचतं म्हणे? डॉक्टर हसले नाहीत. १९८६ मध्ये कुत्र्यांच्या हृदयाचं रक्त आधी थोडा थोडा वेळ अडवलं, तर पुढच्या मोठ्या अडथळ्यात स्नायू कमी मेला, हे खरं. पण पट्ट्याची चाचणी पाच हजारांवर पेशंटवर झाली, २०१९ ला निकाल आला, फायदा दिसला नाही. "त्यापेक्षा तुम्ही अर्धा तास आधी निघायला पाहिजे होतं." मी काउंटरचं सांगितलं. ते खाली बघत राहिले.

आयसीयूच्या सिस्टर प्रेमळ, चहा पाणचट, पार्किंग नाहीच. आण्णांच्या हृदयाचं पंपिंग आता ४५ टक्के. रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स मी गाडीतच ठेवल्यात.